मराठी ख्रिस्ती श्रद्धेची घडण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली. मराठीचा अध्यापक म्हणून मी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीवर बोलेन, अशी काहींची अपेक्षा असावी. ती मी अगदीच मोडणार नाही. कारण आजचा विषय या दोहोंना स्पर्श करणारा आहे. ख्रिस्ती माणसाची वैयक्तिक श्रद्धा कशी घडते? ती त्याच्या आणि परमेश्वराच्या मधली खाजगी गोष्ट असते, की तिच्यात इतिहासाचा, भोवतालच्या संस्कृतीचा आणि आपल्या नसलेल्या पंथांचाही वाटा असतो? मी स्वतः ख्रिस्ती घरात जन्मलो आणि मराठी वाङ्मय शिकवण्यात आयुष्य घालवले. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता केवळ अभ्यासाचा नाही.

‘वैयक्तिक’ या शब्दापासूनच सुरुवात करू. ख्रिस्ती उपासनेत जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा जाहीर उच्चार केला जातो, तो ‘मी विश्वास धरतो’ असा एकवचनात असतो. परंतु इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने जे श्रद्धासूत्र मांडले त्याचा आरंभ अनेकवचनी होता. तेथे ‘आम्ही’ होते. उपासनेतील वापरात त्याचे ‘मी’ झाले. हा व्याकरणाचा किरकोळ तपशील नव्हे. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर पंथांचे मतभेद झाले तेही याच ‘मी’ आणि ‘आम्ही’ या शब्दांभोवती. कॅथलिक आणि अँग्लिकन मंडळ्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात आणि पुढे जाणत्या वयात दृढीकरणाच्या विधीत त्याने स्वतः उत्तर द्यावे असे मानतात. बाप्टिस्ट म्हणतात की, ज्याला उत्तर देता येते त्यालाच बाप्तिस्मा द्यावा. श्रद्धा व्यक्तीची की समाजाची, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या अंगणातच असा चर्चिला गेला आहे. माझे म्हणणे असे की, श्रद्धेची भाषा, तिचे सूर, तिच्या सवयी आणि तिच्या जखमाही आपल्याला मिळालेल्या असतात; जे मिळाले त्याला माणूस जे उत्तर देतो, तेवढेच तिच्यात खऱ्या अर्थाने त्याचे असते. हे म्हणणे मराठी ख्रिस्ती इतिहासातील काही व्यक्तींच्या आधारे तपासून पाहू.

आरंभ गोव्यापासून करावा लागतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. तो इंग्लंड सोडून का आला, हे आपण सहसा विचारात घेत नाही. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे झाले होते; स्टीफन्सचा जिवलग मित्र त्यापायी तुरुंगात पडला. स्टीफन्स रोमला गेला, जेझुइट झाला आणि तेथून हिंदुस्थानात आला. म्हणजे स्वतःच्या देशात पंथापायी छळ सोसणाऱ्यांपैकी तो होता. पण तो ज्या भूमीवर उतरला तेथे त्याच्याच पंथाच्या हाती सत्ता होती. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, स्थापन झाले होते आणि ते मधल्या काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. साष्टीतील देवळे पाडली गेली होती. मंगेशी आणि शांतादुर्गा या देवता खाडीपलीकडे फोंड्याच्या बाजूस नेल्या गेल्या होत्या. १५८३ साली कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले, आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांनाही प्राणास मुकावे लागले. स्टीफन्सच्या आयुष्याची बहुतेक वर्षे याच साष्टीत गेली.

या भूमीत त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, आणि मराठी भाषेची थोरवी गातो, ती तर आपल्या शालेय पुस्तकांतूनही पोचली आहे. मात्र ग्रंथाच्या प्रारंभी जो प्रसंग येतो त्याकडे मी आपले लक्ष वेधतो. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग आम्ही वाचावे काय? आमच्यासाठी नवे पुराण का रचत नाही? हा प्रश्न नम्र आहे, पण त्यात एक रिकामी झालेली जागा दिसते. या माणसाच्या घरातील पोथी गेली होती, पोथी ऐकण्याची सवय मात्र गेली नव्हती. स्टीफन्सने त्या सवयीला उत्तर दिले.

या ग्रंथाचे कौतुक करताना आपण दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्या पाहिजेत. तो सत्तेच्या छायेत लिहिला गेला. ज्या रिकाम्या जागेत तो उभा राहिला ती जागा जुलमाने रिकामी झाली होती. आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या गोमंतकीय घरांत त्याच्या ओव्या भक्तीने गायिल्या गेल्या. त्या गाणाऱ्या बाईची श्रद्धा खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. इतिहासाचा हा वारसा गोड आणि कडू असा वेगवेगळ्या भांड्यांत येत नाही. गोव्यातील ख्रिस्ती माणसाने आपल्या पूर्वजांची श्रद्धा मनापासून आपली म्हणावी, आणि त्याच वेळी ती ज्या मार्गाने आली त्यातील अन्याय नाकारू नये, ही अवघड गोष्ट आहे. पण तीच प्रामाणिक गोष्ट आहे.

आता आपल्याच गावाकडे येऊ. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. कासार समाजातील हे घर. येथील लंडन मिशनच्या शाळेत ते शिकले, पुढे मुंबईत स्कॉटिश फ्री चर्चच्या शाळेत गेले. त्यांच्या घडणीत बायबलचा वाटा आहे, तसाच परमहंस सभेचाही आहे. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा ख्रिस्ती नव्हती. जातिभेद मोडू पाहणाऱ्या सुशिक्षित हिंदू तरुणांची ती गुप्त मंडळी होती. काही काळ पदमनजी तिच्यात होते. सुधारणा हवी, पण ती गुपचूप का, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला असेल, असे त्यांचे पुढचे आयुष्य पाहून वाटते. कारण ३ सप्टेंबर १८५४ रोजी याच बेळगावात त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत घरातून आणि जातीतून मोजली.

तीन वर्षांनी, १८५७ साली, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण तिचे नाव घेतो. तिचा विषय मात्र हिंदू विधवांची स्थिती हा आहे. धर्म बदललेल्या माणसाच्या पहिल्या मोठ्या ललित ग्रंथाचा विषय मागे सोडलेल्या समाजातील स्त्रियांचे दुःख असावा, यावरून बाप्तिस्म्याने नाती तुटली तरी कळवळा तुटत नाही असे दिसते. आणखी एक गोष्ट पाहा. पदमनजींना बाप्तिस्मा मिळाला तो लंडन मिशनच्या मंडळीत, आणि पुढे पुण्यास त्यांनी पाळकाचे काम केले ते फ्री चर्चचे. इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये या पंथांच्या भिंती उंच होत्या. येथे एका मराठी माणसाच्या आयुष्यात त्या ठेंगण्या झाल्या, कारण त्या भिंती ज्या भांडणांतून उभ्या राहिल्या ती भांडणे त्याची नव्हती.

पंथांचा हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे जगल्या त्या पंडिता रमाबाई. संस्कृत विद्येत वाढलेली ही स्त्री इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. तिच्या मनाची तयारी करण्यात नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा मोठा भाग होता. हे गोरे म्हणजे काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले होते. म्हणजे इंग्लंडमधील बाप्तिस्म्यामागेही एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्रीकन्येशी साधलेला संवाद होता.

वाँटेजच्या मठातील भगिनींनी रमाबाईंवर प्रेम केले, पण आपल्या पंथाची सर्व मते त्यांनी जशीच्या तशी स्वीकारावीत असा आग्रहही धरला. त्या काळचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झालेला आहे. त्यात रमाबाई त्रैक्यावर प्रश्न विचारतात, चर्चच्या अधिकारावर प्रश्न विचारतात, आणि आपल्या शाकाहाराचा त्यागही करीत नाहीत. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, काही लिहायचेच असेल तर संस्कृतात लिहावे. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, तर माझ्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा म्हणून. लॅटिनला पवित्र मानणे आणि ब्राह्मणांनी संस्कृतला पवित्र मानणे यांत फरक तो काय, अशी विचारणाही त्यांनी केली. वाँटेजमध्ये काहींना हा अहंकार वाटला. मला तो श्रद्धेचा प्रौढपणा वाटतो. ख्रिस्त स्वीकारणे आणि इंग्लंडचा इतिहास स्वीकारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

पुढची हकीकत अधिक महत्त्वाची आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मनिवेदन वाचताना रमाबाईंना वाटले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडायचा आहे. हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. म्हणजे विधी झाला, मते अभ्यासली, वाद झाले, आणि त्यानंतर काही तरी अंतरंगात घडले. नंतर केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी कोणत्याही एका पंथाची पाटी लावली नाही. तेथे मेथडिस्ट पार्श्वभूमीच्या मिनी अब्रॅम्स काम करीत होत्या. १९०५ साली तेथे जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची नोंद पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार आवर्जून घेतात. आणि ज्या रमाबाईंनी क्रुसासाठी संस्कृत मागितले, त्यांनीच हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे जे मराठी भाषांतर केले ते मात्र संस्कृतप्रचुर नव्हे, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी हे काम त्यांनी पुरे केले होते. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच ते छापले. संस्कृतापासून या साध्या मराठीपर्यंतचा प्रवास हाच त्यांच्या श्रद्धेचा प्रवास आहे. ज्यांच्यासाठी आपण जगतो त्यांच्या तोंडी बसेल ती भाषा पवित्र, असे त्यांनी कृतीने सांगितले.

संस्कृतीच्या वाट्याचा विचार करताना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याकडे वळावेच लागते. कोकणातला हा चित्पावन कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. परंतु तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. या सांगण्याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकायचा असतो असे त्यांना वाटत नव्हते. ‘अभंगांजली’ त्यांनी ख्रिस्ती झाल्यावर लिहिली. त्यांची भजने मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही गायिली जातात. ज्यांनी तुकारामाची गाथा कधी उघडली नाही अशा ख्रिस्ती कुटुंबांच्या जिभेवर त्यामुळे वारकऱ्यांचा छंद बसला आहे. देवाला माउली म्हणण्याची त्यांची सवय बायबलच्या भाषांतरातून आलेली नाही. ती पंढरीच्या वाटेवरची आहे.

यावर दोन्हीकडून आक्षेप घेतला जातो. बाहेरचे म्हणतात, हा धर्मप्रसाराचा वेष आहे. अभंगाच्या रूपात परका माल आणला. आतले काही म्हणतात, ही हिंदू धर्माची भेसळ आहे. मिशनऱ्यांनी देशी रूपे साधन म्हणून वापरली हे काही ठिकाणी खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु टिळकांच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. अभंगाची भाषा बाप्तिस्म्याच्या आधीपासून त्यांची होती. मनुष्य ज्या भाषेत रडतो त्याच भाषेत प्रार्थना करणार. ती त्याने बदलावी अशी अपेक्षा करणारे श्रद्धेपेक्षा गणवेशाला महत्त्व देतात. टिळकांनी मिशनलाही हेच सुनावले. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार फार काळ चालला नाही. तरी वयाच्या उतरणीला पगार आणि पद सोडून आपल्या श्रद्धेला आपल्या मातीतले रूप शोधणारा हा माणूस आपल्यापुढे एक मोजमाप ठेवून गेला.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी आहे, आणि ती मला अधिक शिकवते. पती ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर दोघांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी, स्वतःची शंका स्वतः फेडून. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की, त्यांची अडचण त्रैक्याची नव्हती. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, ही होती. सोवळ्याओवळ्याचा संस्कार त्यांच्या हाडीमाशी खिळलेला होता, आणि माणसाने माणसाचा विटाळ मानू नये हे त्यांना पटले तेव्हा त्यांचा धर्म बदलला. तत्त्वज्ञानाच्या दारातून नव्हे, स्वयंपाकघराच्या दारातून आलेले हे परिवर्तन. पुढे पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी लिहिले; त्यातील बहुतेक अध्याय शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंचे आहेत.

येथवर मी ज्यांची नावे घेतली ते मराठी लेखक बहुतेक उच्चवर्णीय होते. त्यांनी लिहिले, म्हणून त्यांची श्रद्धा आपल्याला ठाऊक आहे. पण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील आणि मराठवाड्यातील मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतील कुटुंबांनी. त्यांच्या श्रद्धेचा इतिहास ग्रंथांत थोडा आणि गाण्यांत, साक्षींत, मंडळीच्या नोंदवह्यांत अधिक आहे. त्यांना ख्रिस्तात काय दिसले? ज्या पंगतीत बसता येत नव्हते त्या पंगतीचे आमंत्रण दिसले. प्रभुभोजनाच्या एका पेल्याला ओठ लावण्याचा अर्थ, ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते त्याला, युरोपातील कोणत्याही धर्मपंडितापेक्षा अधिक कळला असेल.

आणि येथेच आपल्या अपयशाचीही नोंद केली पाहिजे. गोव्याच्या चर्चमध्ये बामण आणि चारडी हे भेद शतकानुशतके राहिले. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारणारे आहेत. पेला एक झाला, पण सर्वत्र पंगत एक झाली नाही. संस्कृतीने आपल्याला अभंग दिला तशी जातही दिली. पहिल्याचा अभिमान बाळगणाऱ्याने दुसऱ्याची जबाबदारी घेतली पाहिजे. शासनाच्या बाजूनेही एक विचित्र परिस्थिती आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती माणूस मात्र बाहेरच आहे. त्यामुळे कागदावर आपला धर्म लिहिताना अनेक कुटुंबांचा हात थबकतो. श्रद्धा वैयक्तिक आहे असे म्हणताना, काहींना ती उच्चारण्याची किंमत मुलाच्या शिक्षणाने मोजावी लागते, हे विसरता येणार नाही.

आता इतर पंथांच्या ऋणाविषयी. आपल्या श्रद्धेवर आपल्या नसलेल्या पंथांचा किती संस्कार असतो, हे क्रिस्तपुराणाच्याच पुढील प्रवासावरून दिसते. ग्रंथ एका इंग्रज कॅथलिक जेझुइटाचा. १९०७ साली तो मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. त्याचे देवनागरी हस्तलिखित लंडनमधील संग्रहात असल्याचे १९२० च्या दशकात प्रकाशात आणले ते जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने. हेच अ‍ॅबट टिळकांच्या ख्रिस्ती होण्याच्या काळात त्यांच्याशी विचारविनिमय करीत होते, आणि याच अ‍ॅबटांनी महिपती आणि इतर मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरे केली. पुढे १९५६ साली पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली ती शांताराम बंडेलू यांनी. त्यानंतर १९९६ साली आणखी एक आवृत्ती सिद्ध केली ती वसईकडील जेझुइट फादर कॅरिडाद द्रागो यांनी. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा निरनिराळ्या हातांतून हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला. यांपैकी एकाने जरी ‘हे आमचे नव्हे’ म्हणून तो बाजूला ठेवला असता, तर आपण काही तरी गमावले असते.

घराघरांत मात्र ही उदारता सहज येत नाही. आमच्या नात्यातील एक काकू कॅथलिक घरातून आमच्या प्रॉटेस्टंट कुटुंबात आल्या. रात्रीच्या प्रार्थनेला त्या सगळ्यांबरोबर टिळकांची पदे म्हणत. आणि दिवा मालवल्यावर अंथरुणात पडून त्यांची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चाले. ‘बाप्तिस्मा’ हा शब्द त्यांना कोरडा वाटे. त्यांना ‘स्नानसंस्कार’ आवडे. मोठ्या माणसांनी त्यांना कधी बोलून दाखवले नाही, पण जपमाळ उशीखाली ठेवावी लागते यातच सारे आले. मला लहानपणी सणवारांचे महत्त्व त्यांनी शिकवले; आमच्या साध्या उपासनेत नसलेला मौनाचा भाग मी त्यांच्याकडून घेतला. आज प्रार्थनेत मी काही वेळ गप्प राहतो तो माझ्या पंथाचा संस्कार नाही, काकूंचा आहे.

मोठ्या प्रमाणावर काही बदल झाले आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लोकभाषांतून मिस्सा करण्यास वाट मोकळी केली, आणि जो पंथ लॅटिनला धरून होता त्याच्या वेदीवर मराठी आली. रमाबाईंनी ऐंशी वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्याच पंथाने दिलेले ते उत्तर होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे, दोघेही तेथे एका छपराखाली आले. आणि २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. त्यांच्या निवडीला काही गटांनी विरोध केला होता, तरी संमेलन पार पडले. २०२४ साली ते वारले, तेव्हा मराठी वाचकांनी त्यांना आपला लेखक म्हणून निरोप दिला.

श्रोतेहो, एक रास्त शंका येथे घेतली पाहिजे. श्रद्धा जर इतिहासाने, संस्कृतीने आणि शेजारच्या पंथांनी घडते, तर ती जन्माचा अपघातच नव्हे काय? बेळगावात जन्मलो म्हणून असा, रोममध्ये जन्मलो असतो तर तसा. यात तथ्य आहे. पण मातृभाषाही आपण निवडत नाही. तरी तिच्यात आपण खरे बोलतो की खोटे, याची जबाबदारी आपलीच असते. स्टीफन्सच्या काळातील नवख्रिस्ती ब्राह्मणाने पोथी मागितली, पदमनजींनी गुप्त सभा सोडून उघड पाऊल टाकले, रमाबाईंनी क्रुसावरच्या अक्षरांना हरकत घेतली, टिळकांनी नोकरी सोडली, लक्ष्मीबाईंनी विटाळ टाकला. या प्रत्येक ठिकाणी मिळालेल्या वारशातील काही स्वीकारले गेले आणि काही नाकारले गेले. नाकारण्याचा आधारही त्याच वारशातून आला. ज्या शुभवर्तमानाच्या नावाने गोव्यात जुलूम झाला त्याच शुभवर्तमानात जुलमाचा निषेध आहे, आणि ज्या संतपरंपरेच्या समाजात भेदाभेद होता त्याच परंपरेने भेदाभेद अमंगळ मानला. वारसा आपला न्याय करण्याची साधनेही बरोबर आणतो. ती वापरतो त्याची श्रद्धा वैयक्तिक म्हणावी; जो ती वापरत नाही त्याची श्रद्धा कितीही आवेशाची असली तरी उसनीच राहते.

आपल्या या गावात मराठी, कोकणी आणि कन्नड अशा भाषांतून ख्रिस्ती उपासना चालतात. भाषेच्या प्रश्नावर आपली मने किती लवकर तापतात हे मी सांगायला नको. ज्याची प्रार्थना एका भाषेत, शेजार दुसऱ्या भाषेत आणि नोकरी तिसऱ्या भाषेत आहे, त्याला आपला वारसा अभिमानाने सांगावा लागतो आणि दुसऱ्याचा आदराने ऐकावा लागतो. ही शिस्त सीमाभागाने आपल्याला लावली आहे. ती धर्माच्या बाबतीतही उपयोगी पडेल.

शेवटी या ग्रंथालयाला एक विनंती करून मी थांबतो. येथील कपाटांत ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे, ‘स्मृतिचित्रे’ही आहे. पण मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील हस्तलिखित भजनांच्या वह्या, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, मंडळ्यांच्या नोंदवह्या, खेड्यांतील पाळकांनी लिहिलेल्या टिपणवह्या यांना कोठेही निश्चित जागा नाही. घर बदलताना, भिंत पडताना त्या रद्दीत जातात. ज्यांची नावे मी आज घेऊ शकलो नाही त्यांची श्रद्धा या कागदांत आहे. शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाने पंथ न पाहता असा एक संग्रह सुरू करावा. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, जे कोणी देतील त्यांचे कागद घ्यावेत. माझ्या घरातील दोन वह्या मी आजच ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे. त्यांतील एकीत टिळकांच्या पदांबरोबर कोणीतरी तुकारामाचे अभंग उतरवून घेतले आहेत. उतरवणाऱ्याने आपले नाव लिहिलेले नाही.